जी जागा अजून कागदावरच नाही, तिथे बढती कशी मिळवायची

ऑक्टोबर २०१८. दसरा होऊन चार दिवस झाले होते. मशीद बंदरच्या आमच्या ऑफिसात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "शेठचं म्हणणं आहे, इम्पोर्टचं सगळं एका माणसाच्या हाती असावं. तुम्ही घ्याल का?" तेव्हा मी अकाउंट्समध्ये ज्युनिअर होते. बिलं टॅलीत चढवायची, बँकेचा मेळ घालायचा, हे माझं काम. कुणी राजीनामा दिला नव्हता, कुणी निवृत्त झालं नव्हतं, कुठली जागा रिकामी झाली नव्हती. 'इम्पोर्ट कोऑर्डिनेटर' हे पद आमच्या कंपनीत त्या दिवसापर्यंत नव्हतंच.

संध्याकाळी कॉटन ग्रीनला उतरून काळाचौकीपर्यंत चालताना मला ते नशीब वाटत होतं. नंतर मागे वळून पाहिलं तेव्हा कळलं की ही जागा चौदा महिने हळूहळू तयार होत होती आणि त्यातलं बरंचसं माझ्याच हातून झालं होतं. फक्त मी ते ठरवून केलं नव्हतं. ठरवून करता येतं, म्हणून हे लिहितेय. मुंबईत माझ्यासारख्या मधल्या आकाराच्या ऑफिसात वर्षानुवर्षं एकाच खुर्चीवर बसलेली खूप हुशार माणसं आहेत. वरची खुर्ची रिकामी होण्याची वाट बघण्यात त्यांची उमेदीची वर्षं जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पहिली पायरी: बेवारस काम शोधा

नवी जागा बहुतेक वेळा बेवारस कामातून जन्मते. बेवारस म्हणजे असं काम, जे चार जण थोडंथोडं करतात आणि बिघडलं की चौघंही म्हणतात, ते माझ्याकडे नाही.

आमच्याकडे ते असं दिसलं. ३१ मार्च २०१७ पासून कस्टम्सचा नियम बदलला. जहाज आल्यावर ठरलेल्या मुदतीत बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टम्सकडे द्यायचा तपशील, भरलं नाही, तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये लेट फी. लगेच १ जुलैला जीएसटी आला आणि सगळं ऑफिस त्यात बुडालं. लेट फीची रक्कम मात्र महिन्यामागून महिना येत राहिली. ती मीच चढवत होते, 'क्लिअरिंग अँड फॉरवर्डिंग' या एकाच खात्यात. त्याच खात्यात शिपिंग लाइनचं डिटेन्शनही जात होतं. कंटेनर रिकामा करून वेळेत परत दिला नाही, की फ्री दिवस संपल्यावर लाइन रोजचं भाडं लावते, ते हे. खातं फुगत होतं, पण खर्च धंद्याचाच दिसत असल्यामुळे कुणी विचारत नव्हतं.

म्हणून माझा पहिला सल्ला: तुमच्या ऑफिसातली अशी गाठोडी उघडा. 'किरकोळ', 'इतर', 'सी अँड एफ', 'रेट डिफरन्स' अशी नावं असलेली खाती. तुम्ही अकाउंट्समध्ये नसाल, तर ऑफिसचा व्हॉट्सअॅप ग्रुप मागे महिनाभर वाचा. 'हे कोण बघतंय?' हा प्रश्न कुठल्या विषयावर पुन्हा पुन्हा येतो, तो टिपून ठेवा.

दुसरी जागा म्हणजे नवे नियम. नियम बदलतो तेव्हा काम वाढतं, पण कुणाच्याही नेमणूक पत्रात ते लिहिलेलं नसतं. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस, म्हणजे बिलाची सरकारी पोर्टलवर नोंद, लागू झालं. लहान पुरवठादारांचे पैसे कायद्याने ठरलेल्या मुदतीत, म्हणजे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच आयकरात वजा मिळतो. हे २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आलं. तुमच्या ऑफिसात कोणता पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदलेला आहे, त्याचं बिल कधी आलं, मुदत कधी संपते, हे एका जागी कुणाकडे आहे? विचारून बघा. बऱ्याच ठिकाणी उत्तर येत नाही.

आणि हे विशेषतः बायकांसाठी. प्रत्येक बेवारस काम उचलू नका. वाढदिवसाचा केक, दिवाळीचे बॉक्स, पाहुण्यांचं चहापाणी, मीटिंगचं टिपण ही ऑफिसातली घरकामं आहेत. ती केली की कौतुक होतं, पद मिळत नाही. काम उचलण्याआधी एवढंच विचारा: हे महिनाभर कुणीच केलं नाही, तर कंपनीचे पैसे जातील का, गिऱ्हाईक जाईल का, किंवा कुठली नोटीस येईल का? तिन्हीचं उत्तर 'नाही' असेल तर हात लावू नका.

दुसरी पायरी: आधी परवानगी, मग चौकशी

मी साहेबांना म्हटलं, "लेट फी आणि डिटेन्शन मी वेगळ्या खात्यात टाकू का? माझं काम न अडवता रोज अर्धा तास देईन, तीन महिने बघू." ते "हो" म्हणाले. हे एक वाक्य विचारणं फार महत्त्वाचं. न विचारता दुसऱ्याच्या कामात डोकावलं की तुमचा हेतू कितीही चांगला असो, ती लुडबुड ठरते. आणि 'माझं काम न अडवता' हे शब्द पाळायचे असतात. त्या तीन महिन्यांत बँकेचा मेळ एक दिवस जरी चुकला असता, तरी पुढचं काहीच घडलं नसतं.

मग मी मागचे तीन महिने, एप्रिल ते जून २०१७, बिलं काढून पुन्हा मांडले. सुधारणा सुरू करण्याआधीचा आकडा हातात असणं अत्यावश्यक आहे. लोक आधी काम सुधारतात आणि वर्षभराने म्हणतात, "पूर्वी फार वाईट होतं." किती वाईट होतं, ते सांगता येत नाही. माझा आकडा होता ४ लाख १० हजार रुपये. तीन महिन्यांत गेलेले, आणि सगळे टाळता येण्यासारखे.

ऑफिसात सगळ्यांची समजूत अशी होती की उशीर न्हावा शेवा बंदरात होतो. क्लिअरिंग एजंट म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणारा; त्याच्याकडचे एक अनुभवी काका आमचं काम बघायचे. मी त्यांना फोन करून म्हटलं, "काका, मला या कामातलं काही कळत नाही. एका कंटेनरचं पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावून सांगाल का?" ते आधी तुटक बोलले. चुका शोधायला बसवलंय हिला, असं त्यांना वाटलं असणार. मी एका शनिवारी त्यांच्या ऑफिसात जाऊन बसले, वही घेऊन. जहाज येतं, बिल ऑफ एंट्री भरतात, ड्युटी भरायची, तपासणी, आउट ऑफ चार्ज म्हणजे कस्टम्सची माल सोडायची परवानगी, लाइनकडून डीओ म्हणजे डिलिव्हरी ऑर्डर, सीएफएसमधून म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर यार्डातून माल बाहेर, गोदामात खाली, रिकामा कंटेनर परत. प्रत्येक टप्प्यावर मी एकच विचारत गेले: इथे तुम्ही कशासाठी थांबता?

उत्तर ऐकून मी गप्प झाले. ते थांबायचे आमच्यासाठी. मालाचं इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट ईमेलने आमच्या परचेसकडे येऊन पडायची, ती एजंटकडे दोन-तीन दिवसांनी जायची, म्हणून बिल ऑफ एंट्री उशिरा. आणि मूळ बिल ऑफ लेडिंग, म्हणजे शिपिंग लाइनने दिलेली मालाची पावती, यायचं बँकेमार्फत. बँकेचं कागद आल्याचं पत्र आमच्याच अकाउंट्सच्या ट्रेमध्ये, माझ्या टेबलापासून दोन हातांवर, चार-चार दिवस पडलेलं असायचं. मूळ बिल ऑफ लेडिंग दिल्याशिवाय लाइन डीओ देत नाही, आणि डीओशिवाय कंटेनर हलत नाही.

हे घरबसल्या कळलं नसतं. ज्याच्यावर सगळे खापर फोडतात, त्या माणसाकडे शिकायला जा. तुमच्या क्षेत्रात तो दुसरा कुणी असेल: रुग्णालयात कॅशलेसच्या फायली पाठवणारा मुलगा, कारखान्यात स्टोअरकीपर, शाळेत ऑफिसचा क्लार्क. गोंधळाचं मूळ कुठे आहे ते त्याला वर्षानुवर्षं माहीत असतं. कुणी नीट बसून विचारलेलं नसतं.

तिसरी पायरी: नोंदीचा तक्ता

माझा तक्ता साधा एक्सेलमध्ये होता. एका कंटेनरला एक ओळ. कंटेनर नंबर, जहाज येण्याची तारीख, फ्री दिवसांची शेवटची तारीख, कागद आमच्याकडे आले ती तारीख, एजंटला गेले ती तारीख, बिल ऑफ एंट्री, ड्युटी, डीओ, माल बाहेर, रिकामा परत. शेवटचा रकाना 'थांबा कुठे': परचेस ईमेल, बँक पत्र, ड्युटीचे पैसे, वाहतूक, गोदाम.

त्या रकान्यात मी कुणाचंही नाव कधी लिहिलं नाही, टप्पाच लिहिला. परचेसमधल्या मॅडमचं नाव लिहिलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून मला एकही ईमेल फॉरवर्ड झाला नसता, आणि ते चुकीचंही झालं असतं. त्यांच्याकडे दिवसाला शंभर ईमेल यायचे, त्यातला कोणता तातडीचा हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

उपाय दोनच केले. पुरवठादारांना कागद पाठवताना एजंटलाही प्रत पाठवायला सांगितलं. बँकेकडून पत्राबरोबर ईमेल सुरू करून घेतला आणि तो आला की त्याच दिवशी दुपारी साहेबांसमोर सहीला ठेवायचा नियम केला. पुढे २०२१ मध्ये कस्टम्सची मुदत आणखी कडक झाली, बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवशीपर्यंतच भरायचं असा सर्वसाधारण नियम आला, तेव्हा आम्हाला फारसं काही बदलावं लागलं नाही.

हा तक्ता ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर ठेवा. घरी बसून करायचा म्हणून कंपनीची माहिती स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका. यातून चांगल्या माणसांच्या नोकऱ्या गेलेल्या आहेत.

चौथी पायरी: साहेबांच्या हातात द्यायचं एक पान

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी एक पान छापून साहेबांच्या टेबलावर ठेवायचे. त्यावर चार ओळी: या महिन्यात किती कंटेनर आले, लेट फी आणि डिटेन्शन किती गेलं, मागच्या वर्षी याच महिन्यात किती होतं, आणि पुढच्या महिन्यात काय अडेल असं दिसतंय. चौथी ओळ सगळ्यात कामाची. गणपतीत गोदामाचे हमाल गावी जातात आणि माल खाली व्हायला वेळ लागतो, हे पहिल्या वर्षी कळलं होतं. दुसऱ्या वर्षी जुलैच्या पानावर लिहिलं, साहेबांनी आधीच दुसरी टोळी ठरवली.

पान छापील का? कारण ते साहेबांना उचलून शेठकडे नेता येतं. तुमच्या वरच्या माणसालाही वर उत्तर द्यायचं असतं. तो तुमचं पान घेऊन गेला आणि त्याचं कौतुक झालं, तर जळू नका. नवी जागा करायचा निर्णय तुम्ही नसलेल्या खोलीत होतो, आणि तिथे तुमच्या बाजूने बोलणारा तोच असतो. पण पानाच्या खाली स्वतःचं नाव आणि तारीख मात्र घाला. काकांनी सुचवलेलं काही असेल तर तेही लिहा. पुढे शेठने एजंटला माझ्याबद्दल विचारलं तेव्हा काका भरभरून बोलले, हे मला नंतर कळलं.

एप्रिल ते जून २०१८ चा आकडा आला ६५ हजार. त्या पानानंतर केबिनमध्ये चर्चा सुरू झाली असावी.

पाचवी पायरी: जागेचं वर्णन तुम्हीच लिहा

इथे मी चुकले, म्हणून जरा थांबून सांगते. साहेबांनी विचारलं आणि मी आनंदात लगेच "हो" म्हणून टाकलं. जुनं काम कोण करणार, हे विचारलंच नाही. पाच महिने मी दोन्ही खुर्च्या सांभाळल्या. रात्री नऊ-साडेनऊला निघायचे, जेवण थंड झालेलं असायचं, आई जागी बसलेली असायची. मार्च अखेरीला बँकेच्या मेळात चूक झाली तेव्हा साहेबांनीच विचारलं, "अजून हे तुम्हीच करताय?" त्यांना ठाऊकच नव्हतं.

नव्या जागेला आधीचा माणूस नसतो. त्यामुळे तिची हद्द कुणालाच माहीत नसते आणि ती पसरत जाते. म्हणून विचारणा झाली की दोन दिवस मागा. "साहेब, मला आनंद आहे. परवा सकाळी कामाचा आराखडा लिहून आणते, तो बघून नक्की करू." यात कुणालाही वावगं वाटत नाही. त्या अर्ध्या पानात हे असू द्या:

माझ्याकडे काय राहील आणि काय राहणार नाही. मी कुणाला उत्तर देईन. किती रुपयांपर्यंतचा खर्च मी न विचारता मंजूर करू शकते. माझं जुनं काम कुणाकडे जाईल आणि कोणत्या तारखेपासून. मी रजेवर असताना कोण बघेल. सहा महिन्यांनी काम कोणत्या आकड्यावर मोजायचं.

खर्चाच्या अधिकाराची ओळ गाळू नका. रात्री आठला गोदामात जास्त माणसं लावायला दोन हजार रुपये लागतात आणि साहेब फोन उचलत नाहीत. अधिकार नसेल तर कंटेनर एक दिवस जास्त राहतो आणि जबाबदारी तुमच्यावर येते.

एक गोष्ट आधी तपासा. काही कामांना परवाना किंवा परीक्षा लागते. कस्टम्स ब्रोकरच्या माणसाला कस्टम्समध्ये काम करण्यासाठी मिळणारं जी-कार्ड परीक्षा दिल्याशिवाय मिळत नाही. अशी अट असलेली कामं तुमच्या आराखड्यात येत असतील, तर परीक्षेची फी आणि अभ्यासाचे दिवस तेव्हाच मागा.

पगार आणि पत्र

ज्या जागेला दर नाही तिचा पगार कसा मागायचा? मी दोन आकडे मांडले. बाहेरून अनुभवी माणूस आणायचा तर किती द्यावे लागतील, ते काकांना आणि दोन ओळखीच्या ऑफिसांत विचारून ठेवलं होतं. दुसरा, वर्षात वाचलेले पैसे. वाचलेल्या पैशांत वाटा मागू नका, ते धमकीसारखं ऐकू येतं. फक्त पान पुढे ठेवा. माझा पगार साडेअठरा हजार होता, मी २८ मागितले, २६ ठरले.

या वाढीत काही गोष्टी लपलेल्या असतात. ईएसआयसीची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे. मला परळच्या ईएसआय रुग्णालयातून आईची औषधं मिळत होती. पगार मर्यादेच्या वर गेला की हे संरक्षण काही काळाने संपतं. हप्त्याचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा असतो. काळाच्या मध्ये वाढ झाली तर तो संपेपर्यंत कपात आणि संरक्षण चालू राहतं. माझी वाढ १ नोव्हेंबरपासून होती, म्हणजे ३१ मार्चपर्यंत तरी वेळ मिळाला. त्या अवधीत आरोग्य विमा घ्या. आईवडील वयस्क असतील तर आधीच्या आजारांना प्रतीक्षा काळ असतो, त्यामुळे हे काम पहिल्या आठवड्यातच करा, आणि कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईवडील बसतात का ते पत्रावर सही करण्याआधी विचारा.

महाराष्ट्रात बायकांना सध्या महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. त्याच्या वर गेलात की महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाला २,५०० रुपये. रक्कम लहान आहे, पण २४,८०० वरून २५,१०० होणार असेल तर माहीत असावी.

पदाच्या नावाबद्दल सावध राहा. 'मॅनेजर' ऐकायला छान वाटतं. पण व्यवस्थापकीय काम करणारी माणसं कामगार कायद्यातल्या 'कामगार' या व्याख्येत बसत नाहीत, आणि ओव्हरटाइमही सहसा जातो. हाताखाली कुणी नसताना, रजा मंजूर करण्याचाही अधिकार नसताना नुसतं नाव घेऊन काय मिळतं याचा हिशोब करा. मी 'कोऑर्डिनेटर'च राहू दिलं.

पत्रात पद, लागू होण्याची तारीख, नवा पगार घटकांसह, आणि कायम होण्याची मुदत असेल तर ती, एवढं हवंच. तोंडी बढतीवर सहा महिने काम करणारे मी पाहिलेत. आठवडाभरात पत्र आलं नाही, तर स्वतःच ईमेल टाका: "आपल्या बोलण्याप्रमाणे १ तारखेपासून मी पुढील काम बघत आहे…" आणि आराखडा खाली जोडा.

कालपर्यंत बरोबर डबा खाणाऱ्यांचं काय

अकाउंट्समधल्या दोघी काही आठवडे माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. मी डबा त्यांच्याबरोबरच खात राहिले आणि जुन्या खुर्चीवर येणाऱ्या मुलीला बँकेचा मेळ शिकवायला रोज सकाळी वीस मिनिटं दिली. बाकी वेळाने होतं.

वर्ष झालं, पान दर महिन्याला जातंय, आणि काहीच हलत नाही, असं होऊ शकतं. मी म्हणेन, दोन अप्रेझल थांबा, त्यापुढे नाही. दुसऱ्या अप्रेझलच्या आधी सरळ विचारा: "साहेब, हे काम मी दीड वर्ष करतेय. याची जागा होणार आहे का, आणि कधीपर्यंत?" तारीख मिळाली नाही तर कंपनीची कोणतीही फाईल न घेता, फक्त स्वतःच्या कामाचं वर्णन बायोडेटात घाला. 'अकाउंट्स असिस्टंट' एवढंच लिहू नका. 'महिन्याला पंचवीस आयात कंटेनरचे कागद, मुदती आणि रिकामे कंटेनर परत करणं यांचा पाठपुरावा. लेट फी व डिटेन्शनमध्ये एका वर्षात मोठी घट' असं लिहा. फोर्टमध्ये, भिवंडीत, न्हावा शेवाच्या आसपास ही ओळ वाचून फोन करणारी ऑफिसं आहेत. आमच्या ऑफिसात माझ्या हाताखाली आलेली पहिली मुलगी अशाच एका ओळीमुळे आली.